सुळ्यावर चेहरे कोरणारा माणूस

नवे भांडे घेतले की त्यावर नाव घालून घ्यायचे, ही आपल्या घरोघरची जुनी रीत. नाशिकच्या भांडी बाजारात ठिपक्याठिपक्यांनी उमटत जाणारे आजीचे किंवा नव्या सुनेचे नाव कोणी पाहिले नाही? जगाच्या दुसऱ्या टोकाला, बर्फाळ अलास्कात, एका माणसाने असेच कोरीवकाम वॉलरसच्या सुळ्यावर केले. त्याचे नाव अंगोकवाझुक. गोरे लोक त्याला हॅपी जॅक म्हणत.

१८७० च्या दशकात, नोम गावाजवळच्या किनाऱ्यावर, इनुपियाक लोकांच्या वस्तीत तो जन्मला. वॉलरस हा तिथला पोशिंदा. मांस पोटाला, कातडे होडीला, सुळे हत्यारांना. सुळ्यांच्या वस्तूंवर शिकारीची चित्रे कोरण्याची परंपरा जुनीच. पण त्यातली माणसे काडीसारखी, नाकडोळ्यांविना.

१८९२ साली देवमाशांच्या शिकारीच्या जहाजावरून तो सॅन फ्रान्सिस्कोला गेला. देवमाशाच्या दातावर सुईने चित्र कोरून रेघांत काळा रंग भरण्याची खलाशांची कला त्याने आत्मसात केली. १९०० च्या सुमारास सोन्याच्या लोभाने हजारो माणसे नोमला लोटली. त्यांच्यासाठी तो सुळ्यांचे पत्त्यांच्या डावाचे गुणफलक करू लागला. छायाचित्र समोर ठेवून माणसाचा चेहरा तो हुबेहूब उतरवी. १९०९ मध्ये कुणीतरी आणलेल्या ‘बिलिकन’ नावाच्या हसऱ्या अमेरिकन बाहुलीची त्याने सुळ्यात नक्कल केली. आज पर्यटक तीच अलास्काची जुनी देवता समजून नेतात!

ही कला गिऱ्हाइकाच्या पायी वाहिली, असे कोणी म्हणेल. पण शिकारीवर जगणाऱ्या वस्तीत पैशाचा व्यवहार शिरला, तेव्हा याच कलेने घरात पीठ-साखर आणली. आपली नजर आणि हात मात्र त्याने विकले नाहीत. त्याच्या बारीक रेघेने इतर कारागिरांनाही वाट दाखवली.

१९१८ साली आपल्याकडे ज्या साथीला मानमोडी म्हणत, तीच साथ नोमला पोचली. इनुपियाक वस्तीत घरेच्या घरे ओस पडली. अंगोकवाझुकही तीत गेला.

आज त्याची कामे संग्रहालयांत जपली आहेत. पण त्या काळच्या कितीतरी सुळ्यांवर गिऱ्हाइकाचे नाव आहे, कारागिराचे नाही. आपल्या घरातल्या तांब्यावर नाव कोणाचे, हे आपण जाणतो. ते कोरणारा हात कोणाचा, हे कधी विचारले आहे?