पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर : न लढता जिंकलेला प्रसंग

देवालयांच्या जीर्णोद्धाराचा विषय निघाला की अहिल्याबाई होळकर यांचे नाव भाविकांच्या ओठी आपोआप येते. काशी, गया, सोमनाथ येथील त्यांची कार्ये सर्वश्रुत आहेत. परंतु त्या पुण्यकार्याला आधार देणारे त्यांचे राजकारण फारसे सांगितले जात नाही. पेडणे-डिचोलीच्या भाविकांपुढे आज तेच ठेवावे, असे आम्हांस वाटते. तसे का वाटते, ते पुढे येईलच.

जामखेडजवळील चौंडी गावचे पाटील माणकोजी शिंदे यांची ही कन्या. जन्म १७२५ सालचा. पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पडले, तेव्हा सासरे मल्हारराव यांनी त्यांना सती जाऊ दिले नाही आणि हळूहळू दौलतीचा कारभार शिकविला. वसुलापासून तोफखान्यापर्यंतची कामे ते सुनेवर सोपवीत असत. १७६६ मध्ये मल्हारराव गेले, आणि पुढच्याच वर्षी पुत्र मालेरावही गेले.

खरी कसोटी येथे लागली. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी सुचविले की, बाईंनी एखादे लहान मूल दत्तक घ्यावे आणि स्वतः नेमणूक घेऊन स्वस्थ बसावे. म्हणजे कारभार दिवाणांच्याच हाती राहणार होता. बाईंनी साफ नकार दिला. मग दिवाणांच्या चिथावणीने राघोबादादा फौजेनिशी क्षिप्रेकाठी येऊन ठेपले.

बाईंनी सैन्य सज्ज ठेवले. पण त्याआधी पत्रे धाडली. शिंदे, गायकवाड आणि नागपूरकर भोसले यांना त्यांनी पटवून दिले की, आज होळकरांवर आलेला प्रसंग उद्या कोणावरही येऊ शकेल. पुण्यास माधवराव पेशव्यांकडे त्यांनी आपला हक्क मांडला आणि पेशव्यांनी तो मान्य केला. खुद्द दादांना निरोप गेला की, बाईवर जय मिळवून कीर्ती नाही, आणि हार झाली तर तोंड दाखविणे कठीण. सरदार साथ देईनात, तेव्हा आपण मालेरावांच्या दुखवट्यासाठी आलो, अशी दादांनी सारवासारव केली. आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते ते पुढचे वर्तन. बाईंनी ती सबब खरी मानून त्यांना मोजक्या लोकांनिशी इंदुरास बोलाविले आणि यथोचित पाहुणचार केला. प्रतिपक्षाला अब्रूनिशी मागे फिरण्याची वाट त्यांनी मोकळी ठेवली.

त्याच शतकात आपल्या भागात मदतीची किंमत काय पडली, हे येथे आठवते. डिचोली १७८१ मध्ये पोर्तुगिजांनी जिंकून घेतली. १७८८ मध्ये करवीरकरांविरुद्ध मदत मिळावी म्हणून सावंतवाडीच्या खेम सावंतांनी पेडणे महाल पोर्तुगिजांना देऊन टाकला. सावंतांच्या दारी प्रत्यक्ष युद्ध होते, त्यामुळे ही तुलना पूर्णपणे न्याय्य नाही, हे आम्ही मान्य करतो. तरीही बाईंनी शेजाऱ्यांचे पाठबळ मिळविले ते एक गावही न देता, हे पेडणेकरांना विशेष जाणवावे.

सैन्याची धुरा त्यांनी तुकोजी होळकरांकडे दिली; महसूल आणि मुलकी कारभार महेश्वरी स्वतःपाशी ठेवला. दोन ठिकाणी सत्ता असली की बेबनाव ठरलेलाच, परंतु ही व्यवस्था जवळजवळ तीस वर्षे टिकली. तुकोजी त्यांना मातोश्री म्हणत. पुणे, हैदराबाद, श्रीरंगपट्टण, नागपूर, लखनौ, कलकत्ता येथे त्यांचे वकील असत. वाटसरूंना लुटणाऱ्या भिल्लांना प्रथम धाक दाखविला, आणि मग त्यांचा ‘भिलकवडी’ घेण्याचा परंपरागत हक्क मान्य करून रस्त्यांच्या रक्षणाची जबाबदारी त्यांच्यावरच घातली.

काशी विश्वेश्वराचे मंदिर १७८० मध्ये त्यांनी उभे केले, आणि त्यानंतर सोमनाथाचे. ही स्थळे होळकरांच्या अमलाबाहेर होती. तेथे तलवारीचा उपयोग नव्हता. खासगीतला पैसा आणि परक्या मुलखात मिळविलेला सलोखा, एवढ्यावरच ही कामे झाली. आपल्या नार्वे येथील सप्तकोटेश्वराचा जीर्णोद्धार शिवछत्रपतींनी १६६८ मध्ये केला, तो स्वतःच्या सत्तेच्या बळावर. बाईंची वाट निराळी होती.

सर्वच मसलती साधल्या, असे मात्र नाही. शिंदे-होळकरांतील वैर त्यांना मिटविता आले नाही. १७९३ मध्ये लाखेरीच्या लढाईत शिंद्यांच्या कवायती पलटणींनी होळकरांच्या फौजेचा मोड केला. दोन वर्षांनी, १३ ऑगस्ट १७९५ रोजी बाईंचे देहावसान झाले. १७९७ मध्ये तुकोजीही निवर्तले, आणि त्यांच्या पुत्रांत गादीसाठी तलवारी उपसल्या गेल्या.