चित्रकथेचा आद्य गुरुजी

चित्रकथा काढून पाहावी असे अनेकांना वाटते. पण आपला हात चित्रकाराचा नाही, या जाणिवेपाशी बहुतेकांची हौस विरून जाते. अशांनी रोडॉल्फ टॉप्फर या स्विस शाळामास्तराचे चरित्र अवश्य जाणून घ्यावे. आधुनिक चित्रकथेचा जनक म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, त्या टॉप्फरला चित्रकार व्हायचे होते आणि नेमके तेच त्याला साधले नव्हते.

टॉप्फरचा जन्म ३१ जानेवारी १७९९ रोजी जिनिव्हात झाला. वडील वोल्फगांग आडाम टॉप्फर हे नावाजलेले निसर्गचित्रकार आणि व्यंगचित्रकार. मुलानेही तीच वाट धरायची, हे जणू ठरलेलेच होते. परंतु ऐन तारुण्यात डोळ्यांच्या विकाराने घात केला. रंगकाम करणे अशक्य झाले. पॅरिसमध्ये काही काळ शिक्षण घेऊन तो गावी परतला आणि त्याने अध्यापनाचा पेशा पत्करला. १८२३ मध्ये त्याचा विवाह झाला व लवकरच त्याने मुलांसाठी स्वतःची निवासी शाळा काढली. युरोपच्या निरनिराळ्या देशांतील मुले तेथे राहत. सुटीत हा मास्तर त्यांना घेऊन आल्प्सच्या डोंगरवाटांवर पायी भटके आणि त्या प्रवासांची सचित्र वर्णने लिही.

संध्याकाळी मुलांच्या करमणुकीसाठी तो वहीत गोष्टी रेखाटू लागला. १८२७ मध्ये आकाराला आलेली ‘मस्यू व्ह्यू ब्वा’ ही त्यांतली पहिली. एका स्थूल सुंदरीवर भाळलेला हा नायक निराश होऊन वारंवार जीव द्यायला निघतो, दर वेळी फसतो आणि अंगातला सदरा बदलून नव्याने प्रेमाच्या मोहिमेवर निघतो! आडव्या पानावर हाताने आखलेल्या चौकटी, त्यांत घाईने ओढल्यासारख्या रेषा आणि खाली स्वतःच्या अक्षरात एक-दोन ओळी, एवढाच सारा मांडामांड. गोष्टीला वेग आला की चौकटी अरुंद होत. रंग नाहीत, छायाप्रकाशाचा खेळ नाही. डोळ्यांनी जे नाकारले ते वगळून उरलेल्या रेषेवरच त्याने सारी भिस्त ठेवली.

या वह्या छापाव्यात असे त्याला प्रारंभी वाटले नाही. १८३०-३१ च्या सुमारास फ्रेडरिक सोरे या मित्राने त्यांतल्या काही वायमारला गटेपुढे ठेवल्या. ‘शाकुंतला’वर मुग्ध झालेला हा जर्मन महाकवी तेव्हा ऐंशीच्या घरात पोहोचलेला होता. त्याला त्या इतक्या आवडल्या, की एका बैठकीत थोडीच पाने पाहून तो उरलेली राखून ठेवी. विषय याहून गंभीर असते तर या माणसाने कल्पनेपलीकडचे काही निर्माण केले असते, असेही त्याचे मत पडले. त्या कौतुकाने टॉप्फरला धीर आला. संकोच मात्र पुरता गेला नाही. १८३२ मध्ये तो जिनिव्हाच्या अकादमीत प्राध्यापक झाला होता आणि अशा हास्यचित्रांनी प्राध्यापकाच्या प्रतिष्ठेला बाधा येण्याचा संभव होता. बड्या लोकांची नक्कल करू पाहणाऱ्या दिखाऊ गृहस्थाची गोष्ट ‘मस्यू झाबो’ १८३३ मध्ये छापून तयार झाली. ती लोकांपुढे आली १८३५ मध्ये.

छपाईची त्याची रीतही नवशिक्याला सोयीची होती. लिथोग्राफीच्या दगडावर थेट काढायचे तर चित्र व अक्षरे उलटी काढावी लागत. टॉप्फर खास कागदावर खास शाईने सरळच लिही व रेखाटी. मग तो कागद दगडावर दाबून ठसा उमटवला जाई. त्यामुळे कोरक्याची मध्यस्थी टळे आणि हाताची मूळ रेषा, तिच्या लकबींसह, वाचकापर्यंत पोहोचे. १८३९ मध्ये पॅरिसच्या प्रकाशकाने त्याच्या चित्रकथांच्या चोरट्या प्रती काढल्या. व्ह्यू ब्वाची कथा इंग्रजी वेषांतर करून १८४२ मध्ये न्यूयॉर्कलाही पोहोचली. अमेरिकेतले पहिले कॉमिक्स म्हणून अनेक अभ्यासक तिच्याकडेच बोट दाखवतात.

१८४५ मध्ये, प्रकृती ढासळलेली असताना, त्याने मुखचर्येवर एक छोटेखानी पुस्तक लिहिले. तेही याच रीतीने, स्वतःच्या हस्ताक्षरात छापलेले. चित्रकथा कशी करावी याचा हा बहुधा पहिलाच पाठ. त्याचे सांगणे असे : कलाशाळेतील वर्षानुवर्षांच्या अभ्यासावाचूनही गोष्ट रेखाटता येते. एक ओबडधोबड चेहरा काढा. तो कितीही वेडावाकडा असला तरी त्यावर कोणता ना कोणता भाव असतोच. आता फक्त ओठांची रेघ बदला, मग भुवयांची, मग नाकाची, आणि माणूस कसा पालटतो ते पाहा. हसणे, रडणे, संताप ही क्षणिक चिन्हे कोणालाही अचूक वाचता येतात. कपाळ किंवा नाक यांच्या ठेवणीवरून स्वभाव ठरवणे मात्र बेभरवशाचे. कवटीच्या उंचवट्यांवरून माणसाची पारख करणारे शास्त्र तेव्हा फार बोकाळले होते. त्यावर त्याचा मुळीच विश्वास नव्हता. चित्र आणि मजकूर यांपैकी एकटे काहीच पुरे पडत नाही, दोहोंच्या मिलाफातूनच गोष्ट उभी राहते, हे तर त्याने ‘झाबो’विषयी लिहितानाच सांगून ठेवले होते.

८ जून १८४६ रोजी, वयाच्या अवघ्या ४७ व्या वर्षी टॉप्फर निवर्तला. हयातीत त्याची ख्याती होती ती मुख्यतः कथालेखक म्हणून. शाळेतल्या मुलांसाठी काढलेल्या त्या गोष्टी आपले नाव राखतील, असे जिनिव्हातील फार थोड्यांना वाटले असेल. आज त्याची निसर्गवर्णने अभ्यासकच वाचतात. पण कोरा कागद आणि लेखणी घेऊन पहिली चौकट आखणारा प्रत्येक हौशी नकळत या मास्तरांच्याच वर्गात येऊन बसतो.