सय्यद अब्दुल रहीम : सुवर्णपदक घडविणारा शाळामास्तर

बेंगळुरू : मुलांना खेळ शिकविणारा स्वतः मोठा खेळाडू असलाच पाहिजे का, हा देशातील मैदानांवरचा जुना वाद आहे. जकार्ता येथे १९६२ साली आशियाई सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय फुटबॉल संघात बेंगळुरूचे अरुमैनायगम आणि गोव्याचे फोर्तुनातो फ्रँको होते. या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम खेळाडू म्हणून भारताकडून एकदाही खेळले नव्हते.

रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादेत झाला. उस्मानिया विद्यापीठातून पदवी घेऊन त्यांनी शिक्षकी पेशा पत्करला. शहरातील अनेक शाळांत त्यांनी अध्यापन केले आणि पुढे शारीरिक शिक्षणाकडे वळले. ते स्वतः फुटबॉल खेळत. मात्र त्यांचा खेळ विद्यापीठ आणि स्थानिक क्लबांपुरताच राहिला. त्यामुळे खेळाची जाण त्यांना मैदानावर मिळाली, पण शिकविण्याची हातोटी वर्गात कमावली गेली.

ती हातोटी त्यांच्या सरावात दिसे. मुले चेंडू पायात घोळवत ठेवतात, हे पाहून त्यांनी ड्रिब्लिंगला मनाई असलेले सामने भरविले. एकाच पायावर विसंबणाऱ्यांसाठी केवळ कमकुवत पायाने खेळण्याचे सामने घेतले. खेळाडूची उणीव हेरायची आणि तिच्यावरच सराव बेतायचा, ही त्यांची रीत होती. सिकंदराबादजवळचा तुलसीदास बलराम हा गरीब घरचा मुलगा त्यांच्या नजरेत भरला. सरावाला येण्याचा खर्च त्याला परवडत नव्हता. रहीम यांनी त्याची सोय केली. हाच बलराम १९५६ साली मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये खेळला.

१९५० साली रहीम यांच्याकडे हैदराबाद सिटी पोलिस संघाची धुरा आली. या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग ५ वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक पटकावला. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ साली दिल्लीतील आशियाई स्पर्धेत इराणला १-० ने नमवून सुवर्ण जिंकले. पुढच्याच वर्षी हेलसिंकीत युगोस्लाव्हियाकडून १-१० असा दारुण पराभव पदरी पडला. भारताचे अनेक खेळाडू तोवर अनवाणी खेळत. या पराभवानंतर बूट सक्तीचे झाले. रहीम यांनीही संघाची नव्याने बांधणी केली. मेलबर्नला नेव्हिल डिसोझा यांच्या हॅट्ट्रिकच्या बळावर भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ ने हरविले आणि स्पर्धेत चौथे स्थान मिळविले.

जकार्तात रहीम यांची खरी कसोटी लागली. कर्करोगाने त्यांचे शरीर पोखरले होते. तैवान व इस्रायल यांना स्पर्धेबाहेर ठेवण्यावरून एका भारतीय क्रीडा पदाधिकाऱ्याने घेतलेल्या भूमिकेमुळे प्रेक्षक भारतावर संतापले होते. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० ने हरविले. त्यातच बचावपटू जर्नेल सिंग यांच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. रहीम यांनी त्यांना बाहेर न बसविता आघाडीला खेळविले. अंतिम सामन्यात पुन्हा दक्षिण कोरियाच समोर होता. भारताने तो २-१ ने जिंकला. एक गोल पी. के. बॅनर्जी यांचा, तर दुसरा जर्नेल यांचा होता.

त्यानंतर वर्षही पुरे झाले नाही. ११ जून १९६३ रोजी रहीम यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र एस. एस. हकीम १९६० साली रोम ऑलिम्पिकमधील भारतीय संघात होते. म्हणजे जी जर्सी वडिलांना मिळाली नाही, ती मुलाच्या वाट्याला आली.

स्वतः खेळल्याने रहीम यांना फुटबॉल समजला, यात शंका नाही. मात्र त्यासाठी राष्ट्रीय संघात स्थान मिळण्याची गरज भासली नाही. समोरचा मुलगा कुठे अडतो हे ओळखण्याची शिक्षकाची नजर त्यांच्या अधिक कामी आली. जकार्तानंतर भारताला आशियाई स्पर्धेत फुटबॉलचे सुवर्णपदक पुन्हा मिळालेले नाही.