डॉ. रखमाबाई : संमतीच्या हक्कासाठीं उभी राहिलेली स्त्री

धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगीं आपण मागल्या पिढ्यांचें ऋण आठवितों. त्यांत आपल्या धर्माच्या नसलेल्या, परंतु आपल्याच मुंबईंत जन्मलेल्या एका स्त्रीचेंहि ऋण आहे.

रखमाबाईंचा जन्म ता. २२ नोव्हेंबर १८६४ रोजीं झाला. त्यांचे वडील जनार्दन पांडुरंग लवकरच वारले. पुढें आई जयंतीबाई यांनीं डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशीं पुनर्विवाह केला. त्यांच्या सुतार जातींत तशी मुभा होती. सावत्र बाप म्हणतांच जें चित्र मनांत उभें राहतें, त्याच्या अगदीं उलट असे हे गृहस्थ होते. ते ग्रँट मेडिकल कॉलेजांत वनस्पतिशास्त्र शिकवीत. मुलीच्या विद्येच्या आवडीस त्यांच्या घरांत आश्रय मिळाला. परंतु रूढीप्रमाणें अकराव्या वर्षीं तिचें लग्न दादाजी भिकाजी या एकोणीस वर्षांच्या तरुणाशीं लावण्यांत आलें.

लग्नानंतर रखमाबाई माहेरींच राहिल्या व अभ्यास करूं लागल्या. दादाजींचें शिक्षण मात्र मागें पडलें. सन १८८४ मध्यें, बायकोनें नांदावयास यावें म्हणून दादाजींनीं मुंबई हायकोर्टांत दावा लावला. रखमाबाईंचें म्हणणें सरळ होतें : अजाणपणीं व आपल्या संमतीवांचून जें लग्न लावलें गेलें, तें आपणांस बांधूं शकत नाहीं. १८८५ मध्यें जस्टिस पिन्ही यांनीं दावा फेटाळला. परंतु अपिलांत तो निकाल फिरला, आणि मार्च १८८७ मध्यें जस्टिस फॅरन यांनीं हुकूम केला कीं, एका महिन्याच्या आंत पतीकडे जावें, नाहींतर सहा महिने तुरुंग भोगावा. बाईंनीं तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. साऱ्या देशांत वाद माजला. टिळकांच्या केसरीनें त्यांच्यावर कडक टीका केली; बेहरामजी मलबारी यांच्यासारखे सुधारक पाठीशीं उभे राहिले. अखेर १८८८ मध्यें दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली व तुरुंग टळला.

येथें एक गोष्ट आपण ख्रिस्ती जनांनीं नम्रपणें ध्यानांत घ्यावी. नांदण्याची ही सक्ती हिंदु शास्त्रांतली नव्हे. ती इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून इकडे आली होती. उलट, लग्न संमतीनेंच होतें हें तत्त्व पोप पहिले निकोलस यांनीं सन ८६६ मध्येंच बल्गेरियाच्या लोकांस लिहून कळविलें होतें. तरीहि १९१७ च्या धर्मसंहितेपर्यंत आपल्या कायद्यांत मुलीच्या लग्नाचें किमान वय १२ वर्षेंच होतें. तत्त्व आपल्या हातीं असूनहि त्याची पुरी किंमत आपणांस उशिरां कळली.

तडजोडीनंतर १८८९ मध्यें रखमाबाई विलायतेस गेल्या आणि लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयांत शिकून १८९४ मध्यें डॉक्टर झाल्या. परत येऊन त्यांनीं प्रथम सुरतेस व नंतर राजकोटास स्त्रियांच्या इस्पितळांत आपलें आयुष्य वेंचलें. ज्या बायका पुरुष डॉक्टरास नाडीहि दाखवीत नसत, त्यांच्या खाटेपाशीं ही स्त्री उभी राहिली. त्यांनीं पुन्हां लग्न केलें नाहीं. ता. २५ सप्टेंबर १९५५ रोजीं, नव्वदाव्या वर्षीं, त्यांचें देहावसान झालें.

त्यांच्या खटल्यानें पेटलेल्या चर्चेंतून पुढें १८९१ चा संमतिवयाचा कायदा होण्यास मदत झाली. त्यानें मुलीचें संमतिवय १० वरून १२ वर नेलें. नांदावयास न गेल्याबद्दल तुरुंगाची शिक्षा १९२३ च्या दुरुस्तीनें रद्द झाली.

वाचकहो, वेदीपुढें वर व वधू या दोघांसहि त्यांची इच्छा विचारली जाते. त्यापूर्वीं चौकशीच्या वेळीं धर्मगुरु मुलीस एकटीस बसवून विचारतो कीं, तुजवर कोणाचा दाब तर नाहीं ना. साकीनाक्याच्या चाळींतून येणाऱ्या आईबापांस हा प्रश्न कधीं कधीं केवळ उपचार वाटतो, आणि मुलीचें उत्तर घरींच ठरवून आणलें जातें. ज्या उत्तरासाठीं रखमाबाई तुरुंगांत जाण्यास सिद्ध झाल्या, तें उत्तर आपल्या लेकीचें तिला स्वतःस देऊं द्यावें. महोत्सवाच्या वर्षीं आपल्या घरांत एवढें झालें, तरी या बाईंचें स्मरण सार्थ होईल.