म्हाइंभट : मराठीचे आद्य चरित्रकार

अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे महत्त्वाचे क्षेत्र. मराठीतील पहिला गद्य चरित्रग्रंथ ‘लीळाचरित्र’ येथेच सिद्ध झाला. त्याचे कर्ते म्हाइंभट.

सराळे गावचे म्हाइंभट हे संस्कृत विद्येत मुरलेले पंडित. विद्वत्तेच्या अभिमानापोटी, वादात जिंकण्याच्या ईर्ष्येनेच ते डोमेग्रामी श्रीचक्रधरस्वामींकडे गेले. तेथे तो अभिमान गळाला आणि वाद घालायला आलेला पंडित शिष्य झाला.

इ. स. १२७४ च्या सुमारास स्वामींनी उत्तरापंथे प्रयाण केले. पोरका झालेला शिष्यपरिवार नागदेवाचार्यांसह रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सान्निध्यात राहू लागला. स्वामींचे बोलणे-वागणे आता केवळ शिष्यांच्या स्मरणात उरले होते, आणि ती माणसे गेली की स्मरणही जाणार होते. म्हाइंभटांनी हा धोका ओळखला. ज्याने जे पाहिले-ऐकले, ते त्याच्याकडून ऐकायचे, त्यासाठी गावोगाव हिंडायचे आणि नागदेवाचार्यांकडून ते पडताळून घ्यायचे, अशी त्यांची पद्धती होती. एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध अशा तीन भागांत त्यांनी हा संग्रह गुंफला. गोविंदप्रभूंच्या पश्चात त्यांचेही चरित्र म्हाइंभटांनीच लिहिले.

या पंडिताने लेखनासाठी संस्कृत नव्हे, तर लोकांच्या बोलण्यातील मराठी निवडली. संस्कृतात लिहिले तर पंथातील साध्यासुध्या स्त्रिया ज्ञानाला वंचित होतील, ही नागदेवाचार्यांची भूमिका होती. त्यामुळेच यादवकाळातील अन्नवस्त्र, देवळे, प्रवास, जातिभेद आणि स्त्रियांचे जीवन यांचे अस्सल दर्शन या ग्रंथात घडते. राजवंशांच्या ताम्रपटांत न सापडणारा समाज येथे बोलताना दिसतो.

यादवसत्ता कोसळली त्या धामधुमीत मूळ प्रत हरवली, असे परंपरा सांगते. शिष्यांनी आठवणींच्या आधारे ग्रंथ पुन्हा उभा केला. त्यामुळे त्याचे अनेक पाठ निर्माण झाले. चौदाव्या शतकापासून पंथीयांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहिले. ते सुरक्षित राहिले खरे. पण बाहेरच्या मराठी समाजाला शतकानुशतके अज्ञातच राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे आदी संशोधकांच्या परिश्रमांनी हा ठेवा अभ्यासकांपुढे आला. पुढे ह. ना. नेने आणि वऱ्हाडचेच सुपुत्र डॉ. वि. भि. कोलते यांनी लीळाचरित्राच्या आवृत्त्या सिद्ध केल्या. कोलते यांची आवृत्ती १९७८ साली प्रसिद्ध झाली.

त्याच रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले असून २०२४ मध्ये त्याचे पहिले कुलगुरू नेमले गेले. मध्ययुगीन महाराष्ट्र कसा बदलत गेला, हे जाणू इच्छिणाऱ्याला राजांच्या बखरींआधी म्हाइंभटांकडे यावे लागते. सामान्य माणसाची आठवणही इतिहासाचे साधन असते, हे त्यांनी सातशे वर्षांपूर्वी कृतीने दाखवून दिले.