निळ्या बालकांचा दवाखाना
(डॉ. हेलन टॉसिग ह्यांचे चरित्र)

विज्ञानाच्या तासाला फळ्यावर काढलेली हृदयाची आकृती पुसण्यापूर्वीच आमचा भाषेचा तास सुरू होतो, असे पुष्कळदा घडते. त्या आकृतीत हृदयाची उजवी बाजू निळ्या खडूने आणि डावी बाजू तांबड्या खडूने रंगविलेली असते. एके दिवशी फळा पुसताना हे दोन्ही रंग एकमेकांत मिसळले, तेव्हा पुढच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने विचारले, की खऱ्याखुऱ्या हृदयात असे झाले तर माणसाचे काय होते? आम्ही कलाशाखेचे पदवीधर. उत्तर ठाऊक नव्हते. ते शोधू लागलो तेव्हा ज्या थोर स्त्रीची ओळख झाली, तिचे चरित्र विद्यार्थी मित्रांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहोत.

हेलन टॉसिग ह्यांचा जन्म २४ मे १८९८ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, केंब्रिज या गावी झाला. चार भावंडांत त्या धाकट्या. वडील फ्रँक टॉसिग हे हार्वर्ड विद्यापीठातील नामांकित अर्थशास्त्रज्ञ. घरात विद्येचे वातावरण असूनही हेलन शाळेत मागे पडत. अक्षरे त्यांच्या डोळ्यांपुढे स्थिर राहत नसत. वाचन म्हणजे त्यांना डोंगर चढण्यासारखे होई. ह्या अडचणीला आज डिस्लेक्सिया असे नाव आहे व तिच्यावर उपायही आहेत. त्या काळी मात्र अशा मुलांस मंद समजण्याची रीत होती. वडिलांनी तसे मानले नाही. ते रोज मुलीला जवळ बसवून धीराने वाचून घेत. हेलन अकरा वर्षांच्या असताना आई क्षयाने वारली. हेलन ह्यांनाही त्या रोगाची बाधा झाल्यामुळे काही काळ त्यांची शाळा अर्ध्याच दिवसाची राहिली.

पुढे १९२१ मध्ये त्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाची पदवी घेतली आणि वैद्यक शिकण्याचे ठरविले. हार्वर्डचे वैद्यकीय विद्यालय तेव्हा स्त्रियांस पदवी देत नसे. एक-दोन विषयांच्या वर्गांत बसण्याची मोकळीक मिळाली. परंतु तीही पुरुष विद्यार्थ्यांपासून दूर, एका कोपऱ्यात बसण्याच्या अटीवर. बॉस्टन विद्यापीठात मात्र शरीररचनाशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी त्यांच्या हाती बैलाचे हृदय दिले व त्याच्या स्नायूंचा अभ्यास करण्यास सांगितले. आयुष्यभराचा विषय त्यांना असा मिळाला. त्याच प्राध्यापकांच्या सल्ल्याने त्या बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यालयात गेल्या. तेथे प्रारंभापासूनच स्त्रियांना प्रवेश होता. १९२७ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. मोठ्यांच्या वैद्यकाचा विभाग त्यांना हवा होता, पण तेथे स्त्रीस मिळू शकणारी एकुलती एक जागा दुसरीस गेली. म्हणून त्या बालरोगांकडे वळल्या.

जॉन्स हॉपकिन्सच्या आवारात हॅरिएट लेन होम नावाचे बालरुग्णालय होते. त्याचे प्रमुख डॉ. एडवर्ड्स पार्क ह्यांना असे वाटे, की बालरोग हा विषय एका माणसाच्या आवाक्याबाहेर गेला आहे. म्हणून लहान-लहान स्वतंत्र विभाग काढावेत व त्यांनी उपचाराबरोबर संशोधनही करावे. त्यांपैकी हृद्रोगाचा विभाग त्यांनी १९३० मध्ये टॉसिगबाईंच्या स्वाधीन केला. आज आपल्याला ही पदोन्नती वाटेल. परंतु तेव्हा त्या विभागाला फारशी प्रतिष्ठा नव्हती. जन्मतःच सदोष हृदय घेऊन आलेल्या मुलांवर कोणाकडेच इलाज नव्हता. ती येत, त्यांची नोंद होई, आणि काही दिवसांनी किंवा वर्षांनी ती दगावत. अशा मुलांचा अभ्यास करून काय मिळणार, असा प्रश्न बाईंनाही पडला होता. पार्क ह्यांनी मात्र आग्रह धरला आणि क्ष-किरणांनी छातीच्या आतील हालचाल प्रत्यक्ष दाखविणारे यंत्र विभागाला मिळवून दिले.

त्यात आणखी एक संकट आले. बाईंची श्रवणशक्ती हळूहळू क्षीण होत गेली. हृद्रोगाच्या डॉक्टराचे मुख्य साधन म्हणजे कान. तेच निकामी होऊ लागले! पुष्कळांनी अशा वेळी विषय बदलला असता. बाईंनी साधन बदलले. आवाज वाढविणारी नळी त्या वापरू लागल्या, समोरच्याच्या ओठांवरून बोलणे ओळखण्यास शिकल्या, आणि बालकाच्या छातीवर तळहात ठेवून ठोक्यांची कंपने बोटांनी वाचण्याचा त्यांनी सराव केला. जे इतरांना ऐकू येई ते त्यांच्या हातांना कळू लागले.

विभाग कसा चालवावा ह्याचा त्यांनी घालून दिलेला परिपाठ ध्यानात घेण्यासारखा आहे. प्रत्येक बालकाचा संपूर्ण इतिहास लिहावयाचा. यंत्रापुढे त्याला निरनिराळ्या बाजूंनी वळवून हृदयाची छाया पाहावयाची. हृदयाच्या विद्युत्-लहरींचा आलेख घ्यावयाचा. ह्या साऱ्यावरून दोष कोठे असावा ह्याचा अंदाज बांधावयाचा. आणि मूल दगावलेच, तर शवविच्छेदनात ते हृदय प्रत्यक्ष पाहून आपला अंदाज कोठे बरोबर होता व कोठे चुकला हे पडताळून पाहावयाचे. हे शेवटचे काम मन घट्ट करणारे होते. कारण ज्या मुलाच्या आईशी काल बोलणे झाले त्याचेच हृदय आज समोर असे. परंतु अशी एकेक नोंद साचत जाऊन जन्मजात हृद्दोषांचे जे ज्ञान पूर्वी विस्कळीत होते त्यात सुसंगती दिसू लागली.

त्यांत ‘निळी बालके’ म्हणून ओळखली जाणारी मुले होती. वर्गातील त्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. शरीरातून परत आलेले, प्राणवायू संपलेले रक्त हृदयाच्या उजव्या बाजूस येते, फुप्फुसांत जाऊन शुद्ध होते आणि डाव्या बाजूने शरीरभर फिरते. काही मुलांत फुप्फुसांकडे जाणारा मार्ग अरुंद असतो व हृदयाच्या दोन बाजूंमधील पडद्याला भोक असते. त्यामुळे बरेचसे रक्त फुप्फुसांत न जाताच शरीरात परत फिरते. मुलाचे ओठ व नखे निळी पडतात. चार पावले चालताच ते धापा टाकीत उकिडवे बसते. फ्रान्समधील डॉ. फालो ह्यांनी १८८८ मध्ये ह्या चार दोषांच्या समूहाचे वर्णन केले होते. पण उपाय कोणालाच सुचला नव्हता.

बाईंच्या नोंदींतून एक विलक्षण गोष्ट पुढे आली. आईच्या उदरात असताना बालकाच्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडणारी एक लहान नळी असते. जन्मानंतर ती आपोआप बंद होते. काही निळ्या बालकांत ती उघडीच राहिली होती, आणि तीच मुले इतरांपेक्षा बरी होती. नळी मिटली की त्यांची प्रकृती झपाट्याने ढासळे. म्हणजे त्या नळीवाटे थोडे अधिक रक्त फुप्फुसांपर्यंत पोहोचत होते! मग अशी एखादी वाट कृत्रिम रीतीने का करू नये? आमच्या गोव्यातील कुळागरात एका पाटाचे पाणी कमी पडले तर दुसऱ्या पाटातून फाटा काढतात. कल्पना त्याच जातीची होती.

बॉस्टन येथील डॉ. रॉबर्ट ग्रॉस ह्यांनी १९३८ मध्ये निरोगी हृदयाजवळ उघडी राहिलेली ती नळी बंद करण्याची शस्त्रक्रिया यशस्वी केली होती. बाई त्यांच्याकडे गेल्या. परंतु नळी बंद करणाऱ्याला नवी नळी करण्याची कल्पना रुचली नाही, आणि त्या रिकाम्या हाताने परतल्या. १९४१ मध्ये डॉ. आल्फ्रेड ब्लेलॉक हे जॉन्स हॉपकिन्समध्ये शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख होऊन आले. बाईंनी आपला विचार त्यांच्यापुढे मांडला व त्यांनी तो उचलून धरला.

येथे आणखी एका माणसाचे नाव आदराने घेतले पाहिजे. ब्लेलॉक ह्यांच्या प्रयोगशाळेत व्हिव्हियन थॉमस नावाचे कृष्णवर्णीय साहाय्यक होते. १९३० पासून ते प्रयोगशाळेत कामाला लागले होते, आणि डॉक्टर होण्यासाठी साठविलेले त्यांचे पैसे पुढे बँक बुडाल्यामुळे गेले. त्यांनी सुमारे दोनशे कुत्र्यांवर प्रयोग करून, हाताकडे जाणारी रक्तवाहिनी वळवून ती फुप्फुसांच्या रक्तवाहिनीला कशी सांधावी हे तंत्र सिद्ध केले. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी आयलीन सॅक्सन नावाच्या पंधरा महिन्यांच्या, चार-साडेचार किलो वजनाच्या मुलीवर ब्लेलॉक ह्यांनी ती शस्त्रक्रिया केली, तेव्हा थॉमस त्यांच्या मागे एका स्टुलावर उभे राहून प्रत्येक टाक्याला मार्गदर्शन करीत होते.

आयलीन त्या वेळी वाचली. पण काही महिन्यांनी तिची प्रकृती पुन्हा बिघडली आणि ती फार वर्षे जगली नाही. विज्ञानाची पहिली पायरी पुष्कळदा अशीच अपुरी असते. परंतु १९४५ च्या फेब्रुवारीत सहा वर्षांच्या एका मुलावर तीच शस्त्रक्रिया झाली, तेव्हा रक्ताचा मार्ग मोकळा करताच शस्त्रक्रियेच्या मेजावरच त्याचे निळे ओठ गुलाबी झाले. त्याच वर्षी पहिल्या तीन रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला आणि देशोदेशींचे आईबाप आपली निळी मुले घेऊन बाल्टिमोरची वाट धरू लागले. त्या वृत्तान्तावर ब्लेलॉक व टॉसिग ही दोन नावे होती. थॉमस ह्यांचे नव्हते. त्यांना मानद पदवी मिळण्यास १९७६ साल उजाडले. बाईंनी स्वतः स्त्री म्हणून कोपऱ्यात बसण्याचे दुःख भोगले होते. तरी वर्णभेदाच्या त्या काळात थॉमस ह्यांचा वाटा झाकलेलाच राहिला. थोरांच्या चरित्रातील उणी बाजूही मुलांनी वाचावी असे आम्हांस वाटते.

विभाग वाढला, पण परिपाठ बदलला नाही. १९४७ मध्ये बाईंनी आपल्या सर्व नोंदींचे सार जन्मजात हृद्दोषांवरील ग्रंथात मांडले, आणि बालहृद्रोग ही वैद्यकाची स्वतंत्र शाखा म्हणून उभी राहिली. देशोदेशींचे शंभराहून अधिक तरुण डॉक्टर त्यांच्या हाताखाली शिकले. आपल्या देशाचाही ह्या दवाखान्याशी संबंध आहे. ब्रह्मदेशात जन्मलेल्या डॉ. एस. पद्मावती बाल्टिमोर येथे टॉसिगबाईंपाशी शिकून १९५३ मध्ये दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात रुजू झाल्या. भारतातील हृद्रोगचिकित्सेचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते. २०२० मध्ये, वयाच्या १०३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आपल्या शिष्यांशी पत्रव्यवहार ठेवण्याची बाईंची सवय एकदा जगाच्या उपयोगी पडली. १९६२ च्या प्रारंभी जर्मनीतील एका जुन्या शिष्याकडून त्यांना कळले, की तेथे हातपाय खुंटलेली बालके मोठ्या संख्येने जन्मत आहेत, आणि थॅलिडोमाइड हे झोपेचे औषध त्यास कारण असल्याचा संशय आहे. त्रेसष्ट वर्षांच्या बाई स्वतः जर्मनीला गेल्या, दवाखान्यांत फिरून मुले पाहिली, आयांशी बोलल्या, आणि परतल्यावर डॉक्टरांच्या सभांतून व अमेरिकेच्या संसदेच्या समितीपुढे त्यांनी धोक्याची घंटा वाजविली. डॉ. फ्रान्सिस केल्सी ह्या दक्ष अधिकारी स्त्रीने त्या औषधाची अमेरिकेतील परवानगी आधीच रोखून धरली होती. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात तेथील औषधविषयक कायदा अधिक कडक झाला.

मान त्यांना उशिराच मिळाला. पूर्ण प्राध्यापकपद १९५९ मध्ये मिळाले, म्हणजे विभाग हाती घेतल्यानंतर एकोणतीस वर्षांनी! १९६४ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन ह्यांच्या हस्ते स्वातंत्र्यपदक मिळाले, आणि १९६५ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या त्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. निवृत्तीनंतरही त्यांचे संशोधन थांबले नाही. उतारवयात त्या पक्ष्यांच्या हृदयांचा अभ्यास करीत होत्या. २० मे १९८६ रोजी, मैत्रिणींना मतदानास नेत असता मोटार-अपघातात त्यांचा अंत झाला. अठ्ठ्याऐंशीव्या वाढदिवसाला चार दिवस उरले होते. आज हृदयच उघडून सारे दोष दुरुस्त करता येतात, आणि फालोच्या विकाराची बहुसंख्य मुले, उपचार वेळेवर मिळाल्यास, मोठी होतात, शिकतात, संसार करतात.

शेवटी आमच्या मनातील एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. हे चरित्र वाचताना आम्हांस आमच्याच वर्गातील शेवटचे बाक आठवले. वाचताना अडखळणाऱ्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात ‘अभ्यासात मागे’ असा शेरा आमच्याही हातून लिहिला गेला आहे. तो लिहिण्यास आम्हांस क्षणभरच लागला; त्या मुलाजवळ बसून त्याचे वाचन ऐकण्यास मात्र सवड झाली नाही. टॉसिग ह्यांच्या घरी ती सवड वडिलांनी रोज काढली, म्हणून पुढे हजारो मुलांचे प्राण वाचले. पालकहो, आपल्या घरी असे मूल असेल तर आमच्या शेऱ्यावर भिस्त ठेवू नका. त्याला जवळ घेऊन बसा. आणि विद्यार्थी मित्रहो, शाळेत तुमच्याकडे एखादे लहानसे, कोणाला नको असलेले काम आले, तर नाक मुरडू नका. वही उघडा, तारीख घाला, आणि जे दिसेल ते नीट लिहून ठेवू लागा.