कापसाच्या व्यापाऱ्याची देणगी

घरात आजी-आजोबांना कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स झाला की आम्ही शुगर लँडकर ह्यूस्टनचे टेक्सास मेडिकल सेंटर गाठतो. त्यामागे मन्रो अँडरसन (१८७३–१९३९) या कापूस व्यापाऱ्याची पुंजी आहे. अविवाहित अँडरसन यांनी १९३६ मध्ये तीन लाख डॉलर्सचा न्यास काढला. मृत्यूनंतर त्यात सुमारे १.९ कोटींची भर पडली. पैसा कोणत्या रोगासाठी, हे त्यांनी बांधून दिले नव्हते. १९४३ मध्ये विश्वस्तांनी बेलर वैद्यकीय महाविद्यालय ह्यूस्टनला आणले आणि संशोधनासाठीही पैसे दिले. आज तिथे पार्किन्सन्सवर उपचार व संशोधन चालते. रोग मुळापासून बरा करणारे औषध अजून नाही. अँडरसन यांना स्वतःच्या देणगीचे फळ पाहता आले नाही. आपल्यालाही कदाचित दिसणार नाही. तरी संशोधनासाठी खारीचा वाटा उचलूया!